न्यूकालाचं पेन, घरपोच सेवा आणि फोनवरची नर्स: लेस्टरहून एका दमेकरणीचा अनुभव

ज्यांचं पंपावर भागतं त्यांच्यासाठी हे लिहिणं नाही. ज्यांच्या उशाशी पंप, पर्समध्ये पंप, गाडीत पंप असतो आणि तरीही मध्यरात्री उठून खिडकीशी बसावं लागतं, ज्यांना वर्षातून कितीतरी वेळा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्यांचा, कोर्स घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी आहे. मी मूळची मिरजेची. लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला आले, ती इथलीच झाले. मेपोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन, बाजारातलं नाव न्यूकाला, मी २०१९च्या दिवाळीपासून घेते आहे. करोनाच्या पहिल्या लाटेत ते हॉस्पिटलातून निघून थेट माझ्या फ्रिजमध्ये आलं आणि अजून तिथेच आहे. मिरज-सांगलीहून, पुण्याहून सारखी कुणी ना कुणी विचारणा करतं, म्हणून औषध, ते टोचायचं पेन, घरी आणून देणारी सेवा आणि फोनवर चालणारं क्लिनिक, ह्या सगळ्याबद्दल एकदाच सविस्तर सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. औषध आणि पेन उत्तम. घरपोच सेवा कामापुरती. आणि ह्या दोन्हींच्या मागे फोन उचलणारी नर्स नसती, तर पेन हाताशी असूनही माझा जीव टांगणीला लागला असता.

दमा म्हणजे दमा, त्यात प्रकार कसले, असंच मी चाळिशीपर्यंत धरून चालले होते. लहानपणी कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घेऊन जागरणं केली, मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळला. आईबाबांच्या हातात जे होतं ते सगळं त्यांनी केलं. इथे आल्यावर थंडीने आणि घरातल्या ओलीने दमा आणखी बळावला. शेवटी तीव्र दम्याच्या क्लिनिकमध्ये रक्त तपासलं तेव्हा कळलं की माझ्या दम्याच्या मुळाशी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आहेत. माझा आकडा सातशेच्या आसपास होता. ह्या पेशी तयार व्हायला आणि तगायला इंटरल्यूकिन-५ हा रेणू लागतो. मेपोलिझुमॅब नेमकं त्यालाच पकडतं. पेशी घटतात, श्वासनळ्यांची सूज उतरते आणि झटके कमी होतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण भारतातून फोन करणारे बहुतेक जण इथेच गल्लत करतात. हे झटका आल्यावर घ्यायचं औषध नाही. दम लागलेला असताना पेन टोचून काहीही होणार नाही, तेव्हा लगेच आराम देणारा पंपच लागतो. रोजचा पंपही बंद होत नाही. दर चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन घ्यायचं आणि धीर धरायचा. मला फरक जाणवायला तिसरा डोस उजाडला. पहिला फरक म्हणजे जिना चढून गेल्यावर बोलता यायला लागलं.

हे औषध बाजारात यायला एवढा उशीर का झाला, त्याचं कारण आमच्या गावाशी जोडलेलं आहे. सुरुवातीला ते कुठल्याही दमेकऱ्याला देऊन पाहिलं तेव्हा फारसा गुण दिसला नव्हता. मग लेस्टरच्या ग्लेनफिल्ड हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ज्यांच्यात इओसिनोफिल वाढलेले आहेत आणि झटके वारंवार येतात असे ६१ रुग्ण निवडले. त्यांच्यात झटके स्पष्टपणे कमी झाले. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१४च्या मोठ्या चाचणीत झटके निम्म्याच्या आसपास कमी झालेले दिसले, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत, जे रोज स्टिरॉइडच्या गोळ्यांवर होते त्यांचा गोळ्यांचा डोसही उतरवता आला. आज जगभर जे औषध दिलं जातं त्याच्या त्या पहिल्या रुग्णांत आमच्या लेस्टरची माणसं होती, ह्याचा मला फार अभिमान वाटतो. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांनी दंड पुढे केला म्हणून मला आज श्वास घेता येतो.

इंग्लंडात हे सरकारी आरोग्यसेवेतून मिळतं, पण मागितलं की मिळतं असं नाही. मी सुरू केलं तेव्हाचा नियम असा: रक्तात इओसिनोफिल ३०० किंवा जास्त, आणि गेल्या वर्षात स्टिरॉइड घ्यावे लागलेले चार तरी झटके, नाहीतर सलग सहा महिने रोज किमान ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा त्याच्या बरोबरीचं स्टिरॉइड. २०२१च्या फेब्रुवारीत ह्यात आणखी एक वाट उघडली, इओसिनोफिल ४०० असतील तर तीन झटकेही पुरतात. वर्षभराने आढावा घेतात आणि उपयोग होत नसेल तर बंद करतात. मला नियम कडक वाटतो, पण वर्षभराचा आढावा पटतो. इतकं महागडं औषध गुण नसताना कुणी का घेत राहावं?

आता २०२०च्या मार्चबद्दल. तोवर मी दर चार आठवड्यांनी हॉस्पिटलात जात होते. नर्स कुपीतल्या पावडरीत पाणी घालून ती न हलवता, नुसती हळूहळू फिरवत विरघळवायची, दंडात टोचायची आणि मग थोडा वेळ बसवून ठेवायची. मार्चच्या शेवटी घरी पत्र आलं: तुम्ही अतिजोखमीच्या गटात आहात, बारा आठवडे घराबाहेर पडू नका, घरातल्यांपासूनही अंतर ठेवा. आमचे हे अन्नपदार्थांच्या कारखान्यात कामाला, त्यांना घरी बसणं शक्यच नव्हतं. ते वरच्या खोलीत, मी खालच्या. टॉवेल वेगळे, ताटं वेगळी, आणि बोलणं जिन्यावरून.

त्या दिवसांत दोन भीती एकमेकींच्या विरुद्ध ओढत होत्या. इंजेक्शनला हॉस्पिटलात गेले तर तिथून करोना घेऊन येईन. नाही गेले तर दमा उसळेल, मग ॲम्ब्युलन्स आणि त्याच हॉस्पिटलात ॲडमिट. त्यात बातम्या यायला लागल्या की करोनाने गंभीर झालेल्या रुग्णांच्या रक्तात इओसिनोफिल घटलेले दिसतात. माझे तर औषधानेच शंभराच्या खाली आणले होते! आईने मिरजेहून फोनवर सरळ सांगितलं, "बाळा, ती सुई थांबव. अंगातली ताकद मारते ती." तिची काळजी खरी होती. त्या वेळी ओळखीतल्या सगळ्यांचं म्हणणं तेच होतं, आणि बायॉलॉजिक, म्हणजे मेपोलिझुमॅबसारखी एकाच रेणूला अडवणारी इंजेक्शनं, घेणाऱ्या कितीतरी लोकांच्या मनात तेच चाललं होतं.

क्लिनिकला फोन केला. नर्सने घाई न करता समजावून सांगितलं ते असं. हे औषध सगळी प्रतिकारशक्ती दाबत नाही, एकाच रेणूला अडवतं. प्रतिकारशक्तीची खरी चिंता असते ती स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस चालू राहिल्या तर, आणि औषध थांबवलं तर तुम्ही परत त्याच गोळ्यांवर याल. ३ एप्रिल २०२० रोजी इथल्या राष्ट्रीय संस्थेने, नाइसने, तीव्र दम्यासाठी करोनाकाळातल्या सूचना काढल्या. त्यांतही हेच होतं: बायॉलॉजिक चालू ठेवा, ती प्रतिकारशक्ती कमी करतात असा पुरावा नाही. शक्य असेल तर रुग्णाला घरी टोचायला शिकवा. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने थांबवू नका. त्याच वर्षी पुढे इंग्लंडातल्या पावणेदोन कोटी लोकांच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात नुकत्याच स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागलेल्या दमेकऱ्यांना करोनाने मृत्यूचा धोका थोडा जास्त दिसला. बेल्जियममधल्या तीव्र दम्याच्या रुग्णांच्या नोंदींत मात्र बायॉलॉजिकमुळे करोना बळावतो असं दिसलं नाही. हे वाचलं तेव्हा आईला फोन लावून वाचून दाखवलं.

पेन पोस्टाने नाही, थंड पेटीतून येतं. त्याआधी सरावाचं बिनसुईचं पेन आलं होतं. मग एका सकाळी नर्सबरोबर व्हिडिओ कॉल. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि टेबलापाशी बसले. हे जिन्याच्या पायरीवर, मास्क लावून. पेन अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलेलं होतं. थंड टोचलं तर जास्त झोंबतं, आणि लवकर कोमट व्हावं म्हणून गरम पाण्यात वगैरे बुडवायचं नाही. नर्सने आधी खिडकीतून द्रव बघायला लावला. स्वच्छ किंवा किंचित पिवळसर-तपकिरी चालतो, गढूळ किंवा कण असलेला चालत नाही. मांडी पुसली. पारदर्शक टोपण सरळ ओढून काढलं. ते काढल्यावर पाच मिनिटांच्या आत टोचायचं आणि टोपण पुन्हा लावायचं नाही. मग पेनाचं पिवळं टोक मांडीवर काटकोनात ठेवून खाली दाबायचं.

ह्या पेनाला बटण नाही, हे मला सगळ्यांत आवडलं. दाबलं की सुरू होतं. पहिली टिक ऐकू आली, खिडकीत पिवळी पट्टी खाली सरकायला लागली. थोडी चुणचुण, मग गरम झाल्यासारखं. दुसरी टिक ऐकू आल्यावरही उचलायचं नसतं, पाच अंक मोजायचे. नर्स इंग्रजीत मोजत होती, हे पायरीवरून मराठीत, आणि मी दोघांच्या मधे श्वास रोखून बसले होते. उचललं तर मांडीवर रक्ताचा बारीकसा ठिपका, बस. सुई सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतच नाही. ज्यांना सुई बघूनच घेरी येते त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पेनाबद्दल तक्रारी अगदी छोट्या आहेत. टोपण घट्ट असतं, संधिवाताचे हात असतील तर घरच्या माणसाची मदत लागेल. एवढ्याशा औषधासाठी प्लास्टिक फार. आणि दुसऱ्या दिवशी मला डोकं दुखतं. हा माहितीपत्रकात दिलेला नेहमीचा दुष्परिणाम आहे, माझं पॅरासिटामॉलवर भागतं. पोटावर घ्यायचं तर बेंबीपासून चार बोटं लांब, पण मला मांडीच सोयीची. वापरलेलं पेन पिवळ्या रंगाच्या डब्यात टाकायचं, घरच्या कचऱ्यात नाही. एवढ्या सगळ्यानंतरही मी ह्या पेनाला पाचपैकी पाच देईन.

घरपोच सेवेला तीन. आणणारी माणसं सौजन्याची. करोनात पेटी दारात ठेवून मागे सरकायची, खिडकीतून नाव विचारायची. पण वेळ म्हणजे "सकाळी सात ते संध्याकाळी सात". बाहेर पडायचं नसल्यामुळे लॉकडाउनमध्ये ते चाललं, आता कामावर जाणाऱ्या माणसाने काय करायचं? एकदा ठरलेल्या दिवशी गाडी आलीच नाही. कंपनीचा फोन लागेना, लागला तर वाट बघायला लावून तुटायचा. २०२०च्या जूनअखेरची ही गोष्ट, लेस्टरमध्ये देशातलं पहिलं स्थानिक लॉकडाउन लागलं तेव्हाची. बाकी इंग्लंड उघडत होतं आणि आमच्याकडे दुकानं परत बंद. बेलग्रेव्ह रोडवर चिटपाखरू नाही, दिवाळीला जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे. डोसची तारीख उलटून गेली. मी घाबरून क्लिनिकला फोन केला. नर्सने सांगितलं की थोडे दिवस उशीर झाला तर औषध एकदम उतरत नाही, पेटी आली की लगेच घ्या आणि तिथून पुढची तारीख धरा. मग तिनेच कंपनीमागे लागून पेटी मागवून घेतली. कंपनीच्या पत्रकात "मदतीसाठी आम्ही सदैव तयार" असं छापलं होतं. मला मदत झाली ती हॉस्पिटलातल्या एका फोनची.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं आहे: औषध घरी येतं तेव्हा क्लिनिक सुटता कामा नये. १ ऑगस्टला देशभरात अतिजोखमीच्या लोकांना घरी बसण्यातून मोकळीक मिळाली, पण लेस्टरमध्ये आम्ही तसेच आत. त्या सगळ्या काळात माझं प्रेडनिसोलोन फोनवरूनच उतरवलं. सुरू केलं तेव्हा रोज १० मिलिग्रॅम होतं, मग पायरी पायरीने ५, आणि तिथून एकेक मिलिग्रॅम. फार दिवस स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, बनवायचं विसरतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात सकाळची रक्ततपासणी करूनच पुढे जायचं असतं. त्या काळात थकवा येतो, सांधे दुखतात, आणि माणसाला वाटतं दमा परत आला. हा फरक नर्सने ओळखला. मी रोज सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून आकडा लिहायचे आणि तिला वाचून दाखवायचे. फुंकण्याच्या मोठ्या तपासण्या संसर्गाच्या भीतीने हॉस्पिटलात थांबल्या होत्या, तेव्हा त्या वहीवरच सगळं चाललं. इथे स्टिरॉइड घेणाऱ्यांना जवळ बाळगायचं एक आणीबाणीचं कार्ड देतात, तेही तिनेच पाठवलं. पेन कितीही हुशार असलं तरी आवाजावरून श्वास ओळखणं त्याला जमत नाही. नर्सला मार्क देणारी मी कोण, पण द्यायचेच तर ते पाचांत बसणार नाहीत.

लसीचंही थोडक्यात. अतिजोखमीच्या यादीत असल्याने मला सत्तरी ओलांडलेल्यांबरोबरच, २०२१च्या सुरुवातीला बोलावणं आलं. लस आणि पेन एकाच दिवशी नको, मधे थोडे दिवस जाऊ देत, म्हणजे ताप किंवा अंगदुखी झाली तर कशामुळे ते कळेल, असा सल्ला मिळाला. काही त्रास झाला नाही.

त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये भारतात काय चाललं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. भावालाही दमा आहे. ऑक्सिजनच्या बातम्या बघून रात्र रात्र झोप नव्हती. तिकडे करोनात स्टिरॉइडच्या गोळ्या कुणी कुणी सांगेल तशा घेत होतं, आणि मग काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले. त्यात मधुमेह आणि स्टिरॉइड ही मोठी कारणं होती. मी भावाला एकच सांगत राहिले: रोजचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून नियमित घे, तो बंद करू नकोस आणि गोळ्या डॉक्टरांशिवाय सुरू करू नकोस. त्याला बायॉलॉजिकची गरज नाही, पंपावर त्याचा दमा आटोक्यात आहे. हे मुद्दाम सांगते, कारण "मला पण ते इंग्लंडचं इंजेक्शन लिहून द्या" असं डॉक्टरांना म्हणणारे लोक भेटतात.

भारतात बहुतेकांना हा खर्च खिशातून करावा लागतो, म्हणून आधी तीन गोष्टी करा. गेल्या वर्षात स्टिरॉइडचे किती कोर्स झाले ते लिहून काढा. पंप नीट ओढता की नाही ते डॉक्टरांसमोर ओढून दाखवा, कितीतरी जणांचं औषध घशातच राहतं. आणि इओसिनोफिल व आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) ह्या दोन्ही रक्ततपासण्यांबद्दल विचारा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना इओसिनोफिल कमी दिसतात, त्यामुळे जुने रिपोर्ट जपून ठेवा. ॲलर्जीचा दमा असेल तर ओमालिझुमॅब हे वेगळं औषध असतं, त्याचा डोस वजन आणि आयजीई पाहून ठरतो. बेनरालिझुमॅब पहिल्या तीन डोसांनंतर आठ आठवड्यांनी एकदाच लागतं. कुणाला कुठलं, हे श्वसनरोगतज्ज्ञच ठरवतील. मेपोलिझुमॅब सुरू करण्याआधी पोटात जंत असतील तर त्यांचा उपचार करून घ्यावा लागतो, कारण जंतांशी लढायला ह्याच पेशी लागतात.

आणि मे महिन्यात पेन घेऊन गावी जाणाऱ्यांसाठी: विमानात ते हातातल्या बॅगेतच ठेवा, डॉक्टरांचं पत्र सोबत हवं, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं पेन टाकून द्यावं लागतं. न उघडलेल्या खोक्यात ते फ्रिजबाहेर सात दिवस चालतं, पण ३० अंशांच्या आत. मिरजेच्या उन्हाळ्यात आणि लाईट गेलेली असताना तो हिशेब बसत नाही. म्हणून मी इथे डोस घेऊन दुसऱ्या दिवशी निघते आणि पुढच्या डोसच्या आत परत येते. राहणं लांबणार असेल तर क्लिनिकला महिनाभर आधी सांगते, म्हणजे पेटीची तारीख त्यांना बदलता येते.